लोखंड ठेवायचा दगड

मी एका माणसाचा जबडा लाथेनं मोडला. तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण गावातली माणसं ही हकिगत सांगताना तेवढा भाग सोयीनं गाळतात. त्या दिवसानंतर गावात माझा मान एकदम वाढला. शाळेतल्या पोरी माझ्या बुटांकडे बोट दाखवायच्या. सुरुवातीला मलाही ते आवडलं. खोटं कशाला बोलू, लाथ मारतानाही मला बरंच वाटलं होतं.

बूट कंपनीचे होते. मी चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करते. वरून शेकडो किलोचा दट्ट्या खाली येतो, पत्र्याचा भाग ठोकून निघतो, तो उचलायचा, कडा तपासायच्या, पुढे सरकवायचा. दणका कानाला कमी आणि तळपायाला जास्त कळतो. म्हणून बूट जाड, आणि पुढे बोटांवर लोखंडाची वाटी. एकदा शेजारच्या लाइनवरच्या मुलीची दोन बोटं दट्ट्याखाली गेली. सुपरवायझर धावत आला आणि आधी त्यानं मशीनकडे बघितलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. पंधरा दिवस घरी बसवलं मला, मग परत बोलावलं, कारण माझ्याइतक्या वेगानं कडा तपासणारी दुसरी बाई त्यांच्याकडे नव्हती. नवऱ्यानंही एकदा हात उचलून बघितला होता. त्याच्या कपाळावर कुकरच्या झाकणाची खूण अजून असणार. आता तो त्याच्या घरी आणि मी चाकणला माझ्या खोलीवर. आई म्हणते, तुझ्या नाकावर माशी बसायच्या आधीच तू तिला मारतेस.

गाव आमचं खेडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी. आम्ही महादेव कोळी. गावाच्या वरच्या अंगाला राई आहे, देवीची. हिरडे, बेहडे, जांभळी, आंबे, आणि त्या सगळ्यांना गुंडाळून वर गेलेली गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढी जाड. आत दुपारीही ऊन जमिनीला लागत नाही. राईतून कुणी काही बाहेर आणत नाही. पडलेलं फळ तिथंच खायचं, वाळकं लाकूड तिथंच कुजू द्यायचं. खालच्या माळावरचे हिरडे वेचून घरं चालतात आमची, पण राईतल्या हिरड्याला हात नाही. आणि दुसरा नियम, आत लोखंड न्यायचं नाही.

शिवेवर एक सपाट दगड आहे. आत जाणारा तिथं थांबतो. कोयता, विळा, घराच्या किल्ल्या, जे असेल ते दगडावर ठेवतो. बायका केसांतल्या आकड्या आणि पदराची पिनसुद्धा काढतात. खुरांना लोखंडी पत्र्या मारलेला बैल असेल तर तोही बाहेर बांधायचा. लहानपणी मी विचारलं होतं, बैलाला काय कळतं? आई म्हणाली, "त्याला न्हाई कळत, देवीला कळतं." काही वर्षांपूर्वी सामूहिक वनहक्काचा कागद आला, राई आणि भोवतीचं जंगल गावाच्या ताब्यात आलं, गावाची समिती झाली. शिक्के, नकाशे, बैठका, सगळं रीतसर. पण नियम तेच राहिले, फक्त ते कुणीतरी वहीत लिहून काढले.

राखण घराघराची वाटून दिलेली. प्रत्येक घरानं ठरलेल्या दिवशी सकाळी जायचं, राईला एक फेरी मारायची, आतला झरा मोकळा करायचा, देवीपुढचा पाला सारायचा. पण घराघरातले गडी पहाटेच कंपनीच्या बसला जातात. दिवसा गावात उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. तेव्हा आपली राखण झाली की शेजारणीची, तिची झाली की तिच्या शेजारणीची, असं करत आई रोजच जायला लागली. सत्तरीच्या पुढची बाई. गुडघे कुरकुरतात, पण राईत शिरली की काठी विसरून येते. तिला त्या फेरीशिवाय दिवस सुरू झालाय असं वाटतच नाही.

वरचा माळ कुणीतरी बंगल्यांसाठी घेतला होता. त्याला रस्ता हवा होता आणि राईचा खालचा कोपरा वाटेत येत होता. समितीनं दोनदा नाही म्हटलं होतं. मग ठेकेदारानं विचारणं सोडलं.

मी त्या दिवशी तिसरी पाळी संपवून सुट्टीसाठी थेट स्कूटीवर गावाला आले. चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून पायात बूट तसेच होते. घराला कडी. ओसरीवर स्कूटी लावली आणि वरून आवाज ऐकला. प्रेसच्या आवाजाला मी सरावलेली आहे, पण हा वेगळा. मध्येच चढणारा, मध्येच गुरगुरणारा. करवतीचं मशीन.

मी पळत सुटले. शिवेच्या दगडापाशी पोचले आणि काय दिसलं तर दगडावर पाच कोयते ओळीनं ठेवलेले. शेजारी आकड्या, पिना, किल्ल्या. आई आणि बाकीच्या चार म्हाताऱ्या मशीनचा आवाज ऐकून निघाल्या, निघताना शहाण्यासारखे कोयते घेऊन निघाल्या, आणि दगडाशी आल्यावर थांबून, ते खाली ठेवून, पदराच्या पिना काढून, मग आत गेल्या. मशीनवाल्या माणसांना अडवायला. हात हलवत.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं पिवळं झालं. तो त्या माणसांवर होता की आईवर, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आत एक हिरडा पडला होता. दुसऱ्याला अर्ध्यात काप दिलेला. पडताना पहिल्यानं शेजारच्या आंब्यावरचं शेकरूचं घरटं ओरबाडून खाली आणलं होतं. काटक्यांचा केवढा तरी भारा, आणि त्याच्याबाहेर एक पिल्लू, डोळे न उघडलेलं, पोट फाटलेलं. पाच-सहा माणसं होती. म्हाताऱ्या ओरडत होत्या, कुणी माती फेकत होती, एकीला ढकलून पाडलं होतं. आई दुसऱ्या हिरड्याला पाठ लावून उभी होती, आणि तिच्या पुढ्यात मशीन घेतलेला माणूस. पात्याचं टोक तिच्या पोटापासून हातभर.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्याजोगं नाही. मुकादमासारखा दिसणारा एक जण माझ्या मागून दगडाकडे धावला आणि हातात कोयता घेऊन परत आला. आईचा कोयता. मुठीला तिनं निळी चिंधी गुंडाळलेली असते, ती मला लांबून दिसली. त्यानं तो उलटा धरला होता, एवढी अक्कल त्याला होती. मी डोक्यावर हात घेतला आणि कोयत्याची जाड बाजू माझ्या हातावर बसली. वाळकी फांदी मोडताना होतो तसा आवाज झाला. दुखलं नाही लगेच. हात मनगटाच्या वर, जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

तेवढ्यात मशीनचा आवाज बंद झाला. मशीनवाला माणूस मागे सरला, दवानं भिजलेल्या पाल्यावरून त्याचा पाय घसरला आणि तो उताणा पडला. मशीन बाजूला गेलं. मला कोयतेवाला हवा होता. पण कोयतेवाला लांब होता आणि हा पायाशी होता.

मी त्याला एक लाथ घातली. मग दुसरी. दुसऱ्या लाथेला बुटाच्या वाटीखाली काहीतरी निसटलं, दार बिजागरीतून निसटावं तसं. तो ओरडलाही नाही, त्याच्या तोंडातून नुसतं रक्त आलं, त्यात दोन दात, आणि सगळं त्या पाल्यावर पडलं. मी तिसरी मारणार होते. आईनं मला मागून धरलं. तिनं मला बाजूला ढकललं, माझ्या लोंबणाऱ्या हाताकडे ढुंकूनही बघितलं नाही, खाली बसली, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराचा बोळा करून त्याच्या तोंडात धरला.

रक्त बघून बाकीचे घाबरले. त्याला उचलून पिकअपमध्ये टाकलं आणि पळाले. मशीन तिथंच राहिलं. आईचा पदर त्याच्याबरोबर गेला, कारण तिनं तो फाडून दिला.

पुढं जे व्हायचं ते झालं. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, मशीन नेलं. रस्ता थांबला, निदान आजपर्यंत तरी थांबलेला आहे. ठाण्यात ठेकेदारानं पवित्रा घेतला की ती माणसं आपली नव्हेतच, त्यामुळे त्यांची नावं काही कळली नाहीत, आणि जबड्याबद्दल तक्रार करायलाही कुणी आलं नाही. माझ्या हातावर पिंपरीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. मी डॉक्टरांकडून एक्स-रेचा फोटो मागून घेतला. हाडाला चिकटलेली ती पांढरी पट्टी बघून मला पहिल्यांदा बैलाची आठवण झाली. मी तो विचार लगेच झटकला.

आठ दिवसांनी समिती दगडापाशी बसली. मला वाटलं माझा सत्कार आहे. खरंच वाटलं, मी चांगली साडी नेसून गेले होते. समितीचा अध्यक्ष माझा चुलता. त्यानं घसा खाकरला आणि आईकडे बघितलं, म्हणजे जे बोलायचं ते तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

"राईत लोखंड गेलं आन् रगत सांडलं," आई म्हणाली. "जुनी रीत हाय. ज्याचं रगत सांडलं त्याला आणायचा. हितं दगडापाशी जेवू घालायचा. त्यो आपल्या पायानं आत जाऊन देवीला हात लावील, तवा राई मोकळी. तवर ज्यानं सांडलं त्याच्या घराची राखण बंद."

"त्याच्या घराची म्हणजे?" मी विचारलं.

"आपल्या. माजी बी."

मी उसळले. "ते मशीन घेऊन आले ते चाललं? त्यांनी झाडं पाडली, तुझाच कोयता माझ्या हातावर घातला, आणि दंड आपल्याला? माझ्या बुटांचं काय घेऊन बसलीस?"

"त्यास्नी म्हाईत नव्हतं," आई म्हणाली. "तुला म्हाईत व्हतं."

चुलता म्हणाला, "वैनी, पोरगी नसती तर आज कोपरा ऱ्हायला नसता." आई म्हणाली, "व्हय. ते बी खरं हाय." आणि उठून घरी गेली. तिच्याशी भांडायची हीच तर अडचण. ती तुमचं खरं कबूल करते आणि आपलं सोडत नाही.

दुसऱ्या सकाळी मी बघितलं. ती नेहमीच्या वेळेला उठली, दगडापर्यंत गेली, कोयता दगडावर ठेवला आणि तिथंच बसली. आत गेली नाही. शेजारीण आत जाऊन फेरी मारून आली तोवर बसून राहिली, मग कोयता उचलून परत आली. रोज. मी असं काही बघितलं की मला चीड येते आणि चिडीच्या आत लाज असते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पंधरा दिवसांनी मी हात दाखवायला पिंपरीला गेले. एक्स-रेच्या बाहेर बाकावर ही गर्दी. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, बोलकी. एका हातानं मला केस आवरता येईनात, सारखे तोंडावर येत होते.

"ताई, वेणी घालू का? तुमाला जमंना गेलंय," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता माझ्या मागे सरकली. तिची बोटं भराभर चालत होती. गाव लातूरकडचं, खोली रहाटणीला, पाण्याच्या टाकीमागे, हे सगळं तिनं पहिल्या तीन पेडांत सांगितलं. "हात कशानं मोडला ओ?"

"कंपनीत," मी म्हणाले.

"आमचे मालक झाडावरून पडलेत. तोंडावरच. तारंनं बांधून टाकलंय सगळं. पातळ पेज नळीनं पाजायलाव बगा. एक शब्द बोलायला येईना." तिनं आपल्या केसांतली एक आकडी काढून माझ्या वेणीत खोवली. "ते बगा, आलेच."

एक्स-रेच्या दारातून तो बाहेर आला. गाल सुजून निळे, दात चंदेरी तारांनी करकचून बांधलेले. त्यानं बायकोकडे बघितलं आणि मग तिच्या हातातल्या वेणीकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे. तो एक पाऊल मागे सरला, दार पाठीला लागेपर्यंत. एवढा उंच गडी, आणि मला घाबरला होता. मी कुणाला घाबरवलं की मला बरं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. मी उठले आणि माझा नंबर यायच्या आधीच तिथून निघून गेले.

तिथं बोलायला हवं होतं. पत्ता कळलेला होता. रहाटणी काही लंडन नव्हे. तरी महिनाभर मी गेले नाही. हाताचं निमित्त होतं, मग कामावर रुजू व्हायचं निमित्त होतं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. फोनवर चुलता सांगायचा, आई रोज दगडापाशी बसते. थंडीत बसून तिला खोकला झालाय. झरा तुंबलाय, शेजारणीला तो नीट काढता येत नाही, आणि आई बाहेरून ओरडून सांगते की डावीकडचा दगड आधी हलव. हे ऐकल्यावर मात्र मी खोलीवर एकटीच रडले आणि रविवारी रहाटणीला गेले.

टाकीमागे विचारत विचारत खोली सापडली. ती दारातच चपात्या लाटत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं बया, वेणीवाल्या ताई!"

मी चप्पल न काढता तिथंच उभी राहून सांगितलं. झाडावरून पडले नाहीत ते. मी लाथ मारली. ते खाली पडलेले असताना, लोखंडी बुटानं, दोनदा.

तिला कळायला वेळ लागला. मग ती उठली. लाटणं हातातच होतं. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसरा हातावर, नेमका पट्टीवर, आणि माझ्या मस्तकात कळ गेली. ती मारत होती आणि रडत होती. "वेणी घातली मी तुमची! ह्या हातानं!" माझा चांगला हात वर आला होता, सवयीनं, मूठ आवळून. मी तो कसाबसा खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदाच मी मार खाऊन घेतला आणि सांगते, मारण्यापेक्षा ते कितीतरी जड आहे.

आतून तो आला. तार निघून तीन दिवस झाले होते. तोंड पुरतं उघडत नव्हतं, शब्द दातांमागून आल्यासारखे येत होते. त्यानं बायकोचा हात धरला, लाटणं काढून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी मशीन बंद केलं होतं."

"काय?"

"म्हातारी हालंना गेली. मी बटण दाबून बंद केलं. माघारी फिरलाव, तर पडलाव."

मला वाटत होतं, तो पडला म्हणून मशीन बंद पडलं. तेव्हा मला आठवलं की आवाज आधी थांबला होता. पाय नंतर घसरला. मी तिथं होते, मी बघितलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात ते उलट बसलं होतं, कारण तसं बसलेलं मला सोयीचं होतं. सहा जणांमधला जो एकटा थांबला, त्याचाच जबडा मी फोडला होता.

मी त्याला राखणीचं सांगितलं. आई रोज दगडावर बसते, तू आल्याशिवाय तिला आत जाता येत नाही. ये असं म्हणायचा मला काही अधिकार नाही, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "काही जायची गरज नाही. परत मारतेल." तो आत गेला आणि एक धुतलेलं, घडी घातलेलं फडकं घेऊन आला. आईच्या लुगड्याचा पदर. डाग पुरता गेला नव्हता.

"हे त्या मायला द्यायचं हाय," तो म्हणाला. "येतो."

पुढच्या रविवारी ती दोघं आली. मी स्टँडवरून त्यांना घेऊन आले. दगडापाशी समिती जमली होती, चार म्हाताऱ्याही होत्या. आईनं वरीचा भात शिजवून शिजवून इतका मऊ केला होता की चावावा लागू नये, वर दूध आणि गूळ. तिनं त्याला दगडाशेजारी बसवलं आणि तो एकेक घास खाईपर्यंत समोरून हलली नाही. त्यानं पदर दिला तेव्हा तिनं तो उलगडून बघितला आणि म्हणाली, "धुतलास कशाला, मी धुतला असता की." मग त्याच्या बायकोलाही ताट वाढलं. ती बाई माझ्याकडे बघत नव्हती, पण जेवली.

मग आत जायची वेळ झाली. आईनं निळ्या चिंधीचा कोयता दगडावर ठेवला. त्याच कोयत्यानं माझा हात मोडला होता, आणि तिनं तो टाकून दिला नव्हता, घासून ठेवला होता. बाकीच्यांनी आपापली हत्यारं ठेवली. त्यानं किल्ली आणि पट्टा काढून ठेवला. त्याच्या बायकोनं केस मोकळे करून आकड्या ठेवल्या. मी चपला काढल्या, स्कूटीची किल्ली ठेवली, पदराची पिन ठेवली, आणि दवाखान्यातली ती आकडी, तीही ठेवली. आणि पुढं पाऊल टाकलं.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मोडलेल्या. बोटांनी तिनं कातडीखालची पट्टी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काढली न्हाईस?"

"दोन वर्षं तरी काढायची नाही म्हणाले डॉक्टर. नाहीतर हाड परत मोडेल."

चुलता मध्ये पडला. "वैनी, त्ये काय लोखंड न्हाई. स्टील का काय म्हनत्यात त्ये. दवाखान्यातलं हाय. जाऊ द्या तिला."

आईनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं, म्हणून मी तिला आजवर त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. "बैलाच्या पायाची पत्री भाईर दिसती," ती म्हणाली. "हिची आत हाय."

माझ्या तोंडावर आलं होतं की मी राखली ही राई, माझं हाड गेलं हिच्यापायी. दोन महिन्यांपूर्वी मी तो दगडच उलथून टाकला असता. पण तो माणूस तिथं उभा होता, अनवाणी, हात बांधून, आत जावं की नको अशा घोळात. मी मागे सरले आणि त्याला म्हणाले, "जा तुम्ही. पाल्यावर पाय जपून टाका."

आईनं त्याचा हात धरला. ज्यानं मशीन आणलं होतं तो आत गेला, त्याच्यामागे त्याची बायको, मग सगळं गाव. मी दगडाच्या कडेवर बसले. वरून शेकरू ओरडलं, म्हणजे एखादं तरी उरलं होतं. आतून आईचा आवाज येत होता. ती त्याला अर्ध्यात कापलेला हिरडा दाखवत होती आणि कापाच्या खाली फुटलेले कोंब मोजायला लावत होती. मला ते कोंब दिसत नव्हते. माझ्यासमोर कोयते होते, विळे, किल्ल्या, आकड्या, पट्ट्याचं बक्कल. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

बऱ्याच वेळानं सगळे बाहेर आले. जो तो आपापलं उचलून घेऊ लागला. त्या बाईनं आपल्या आकड्या घेतल्या, दवाखान्यातली मात्र तिथंच ठेवली. आई सगळ्यांच्या शेवटी आली. झऱ्यात हात घातल्यानं बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खोकत नव्हती. दगडाशी थांबून तिनं आधी कोयता उचलून कमरेला खोवला, मग मला हात दिला.